अरुणची जीप भंगारात का गेली नाही

बातमी आली तेव्हा मी नर्सरीत एका गिऱ्हाइकाला कलमी आंबा आणि कोयीचा आंबा यांतला फरक समजावत होते. फोन धाकट्या जावेचा, स्मिताचा. "वहिनी, हे उठत नाहीयेत..." एवढंच बोलली. बारवी रस्त्यावरून बदलापूरच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका, आणायला उशीर झाला. साधं, स्पष्ट वाक्य होतं ते. मी ऐकलं, स्मिताने ऐकलं, आमच्या ह्यांनी ऐकलं. तरीही कुळगावच्या घरासमोर माणसं जमेपर्यंत त्या वाक्याचं काहीतरी भलतंच होऊन बसलं होतं. जीपखाली गेला म्हणे. इंजिन अंगावर आलं म्हणे. बँकेतल्या माणसाने हातात पाना कशाला घ्यावा, असं एक बाई शेजारणीने आणलेला चहा पिता पिता मलाच सांगत होत्या. घरातलं माणूस गेलं की रडायला तरी मोकळीक मिळावी. मी मात्र दिवसभर लोकांची वाक्यं दुरुस्त करत फिरले. काही आठवडे उलटले तरी भाजीवालीपासून नात्यातल्या लग्नापर्यंत तेच चालू आहे, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

अरुण माझा धाकटा दीर. अंबरनाथला एका बँकेत कारकून होता. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, डबा वेळेवर, बोलणं हळू. मी लग्न होऊन कुळगावात आले तेव्हा तो कॉलेजात होता आणि सासऱ्यांनी लिलावात घेतलेल्या जुन्या डिझेल जीपखाली झोपलेला असायचा. मला आधी पाय दिसायचे, मग हाक यायची, "वहिनी, जरा तो बारा नंबरचा पाना सरकवा." बारा नंबरचा पाना कुठला हे मला त्यानेच शिकवलं. सासरे गेल्यावर गाडी त्याच्या नावावर झाली आणि काम माझं करू लागली. आमची नर्सरी टेकाडावर आहे. मोठ्या रस्त्यापासून वर यायला आमच्याच जागेतून चढ आहे, आणि माती, शेणखत, कुंड्या सगळं त्या चढावरून यायचं. जीप अर्ध्यावर यायची, काळा धूर सोडायची आणि उभी राहायची. मग निम्मा माल उतरवा, वर जा, परत या. मी म्हटलं, विका ही आणि छोटा टेम्पो घेऊ. अरुण म्हणाला, "वहिनी, ती म्हातारी झालेली नाही. तिला दम कमी पडतो."

दम म्हणजे टर्बो. मला समजावताना त्याने चुलीचा दाखला दिला. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वारा एरवी फुकट जातो. त्या वाऱ्यावर एक छोटं चाक फिरवायचं आणि त्या चाकाने इंजिनात जास्त हवा कोंबायची. चुलीला फुंकणी लावल्यासारखं. मी म्हटलं, जास्त फुंकलं तर राख आपल्याच डोळ्यात जाते भाऊजी. "म्हणूनच तर विचारत फिरतोय," तो म्हणाला. आणि खरोखर तो विचारतच फिरला. पावसाळा गेला, दिवाळी गेली, परत पावसाळा आला, ह्याचं विचारणं चालूच. घरात चेष्टेचा विषय झाला होता. आमचे हे म्हणायचे, मुलगी बघायला गेला तेव्हा एका चहात होकार देऊन आला, आणि इंजिन बघायला चाललाय तर दोन वर्षं.

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये हरेशभाईंचं गॅरेज आहे. बोलका सिंधी माणूस, हात चालू, तोंड त्याहून चालू. त्यांनी जीप बघितली आणि जागेवर सांगितलं, साब, सुबह छोड़ो, शाम को ले जाओ, इसी इंजिन पे टर्बो बिठा देंगे. मी बरोबर होते. मला तर फार आवडलं. सकाळी द्या, संध्याकाळी घ्या, याहून काय हवं? अरुणला मात्र पटलं नाही. परतीच्या वाटेवर म्हणाला की हे इंजिन बनवणाऱ्याने ते एवढ्या हवेसाठी बनवलेलंच नाही. आतले पिस्टन थकलेत, तेल खातंय. वरून फुंकणी लावली तर चढ चढेल, पण थोडेच दिवस... आणि मग एकदम बसेल. त्यापेक्षा मुळातच टर्बोसकट बनलेलं, ठोकलेल्या गाडीतलं अख्खं इंजिन घ्यावं, रेडिएटर आणि नळ्यांसकट, आणि ते ह्या जीपमध्ये बसवावं.

मग पुढचा प्रश्न आला आणि तो खरा प्रश्न होता. बसवायचं कोणी? त्याला स्वतः करायचं होतं. हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि म्हणूनच तो स्वतःवर विश्वास ठेवत नव्हता. एके रविवारी नर्सरीत आला, उलट्या कुंडीवर बसला आणि मला सरळ विचारलं, "वहिनी, मी करू का?" मी म्हटलं, करा, पण गाडी उघडून ठेवलीत आणि अडलं तर माझी माती कोण आणणार, तुमचे मॅनेजर? तो हसला नाही. त्याने त्याचं उत्तर आधीच तयार केलं होतं. "जे चुकलं तर उघडून परत करता येईल, ते मी करीन. जे चुकलेलं चढावर कळेल, ते रोज करणाऱ्याच्या हातात देईन." इंजिन काढणं, धुणं, उतरवणं, जोडणं त्याचं. ज्या पायांवर इंजिन बसतं त्यांचं वेल्डिंग, टर्बोला तेल नेणारी नळी आणि वायरिंग कारागिरांचं. आणि ह्या सगळ्याच्या आधी ब्रेक नवे करायचे, कारण दम वाढवायचा तर थांबण्याचं आधी बघायचं. गाडीच्या कागदांवर नव्या इंजिनाची नोंद होईपर्यंत जीप आमच्या जागेबाहेर काढायची नाही, हाही नियम त्याचाच. त्यासाठी रजा टाकून आरटीओत हेलपाटे घालणं त्याने सुरूही केलं होतं.

मला विचाराल तर एवढा शहाणा निर्णय आमच्या घरात जमिनीच्या व्यवहारातही कोणी घेतला नसेल. आणि ह्या माणसाला लोक आततायी म्हणतात.

काम सुरू झालं ते पाऊस सरल्यावर, नर्सरीच्या शेडमध्ये. आंब्याच्या फांदीला भार नको म्हणून लोखंडी तिकाटणं उभं केलं, त्याला साखळीची पुली लावली, आणि जुनं इंजिन वर उचललं गेलं तेव्हा जीपचं तोंड दात काढलेल्या आजोबासारखं दिसायला लागलं. नटबोल्ट मिसळू नयेत म्हणून त्याने स्मिताचा मिसळणाचा डबा आणला होता. मोहरीच्या वाटीत एक माप, हळदीच्या वाटीत दुसरं. स्मिता डबा शोधत शेडमध्ये आली, झाकण उघडलं आणि तशीच मागे फिरली. त्या दिवशी त्याला बिनफोडणीची आमटी मिळाली. त्याने ती दोन वाट्या मागून खाल्ली. बोल्ट लागत नसला की तो चिडायचा नाही, खाली बसून हात पुसत राहायचा. हात पुसून झाले की उठायचा. वेल्डिंगचं यंत्र चढावर आणता येईना, म्हणून जीप दोरीने धरून खाली रस्त्यापर्यंत उतरवली आणि अंबरनाथच्या एका वेल्डरला तिथेच बोलावलं. रविवारमागून रविवार असे गेले आणि एका सकाळी भरल्या मातीसकट ती जीप चढ चढून वर आली. धूर नाही, थांबणं नाही. मी नुसतं म्हटलं, बरं झालं. त्याला तेवढं पुरलं.

आता राग कशाचा ते सांगते. ज्या माणसाने इंजिनासाठी गावभर विचारलं, त्याने स्वतःच्या छातीसाठी कोणालाच विचारलं नाही. दोन दिवस छातीत जळजळत होतं. ओवा खाल्ला, सोडा प्यायला, उताणा न झोपता बसून झोपला. स्मिता म्हणाली, वहिनींना सांगते, तर म्हणाला, नको, त्या फरफटत डॉक्टरकडे नेतील. नेलंच असतं. ही दुरुस्ती त्याने घरच्या घरी केली, ओव्यावर. चुकलं तर उघडून परत करता येईल अशी ही गोष्ट होती का? त्याचा नियम त्यालाच लावायचा राहिला. हा राग त्याच्यावरचा. पण तो माझा आहे, घरातला आहे. बाहेरच्यांनी त्याचं मरण जीपच्या नावावर खपवायचं कारण नाही.

हरेशभाई भेटायला आले होते. हात जोडून बसले आणि चार जणांत म्हणाले, हमने बोला था साब को, ये घर का काम नहीं है. सगळ्यांनी माना हलवल्या. मी उठले. "हरेशभाई, दिल बंद हुआ है. इंजिन चालू है. देखना है?" मला वाटलं नाही येणार, पण आले. माझ्यामागे नर्सरीच्या शेडपर्यंत आले, मी जीप चालू केली, ते बॉनेट उघडून वाकले, इंजिनाच्या एका पायावर हात ठेवून कंप बघितला. मग एवढंच म्हणाले, माउंटिंग अच्छा किया है. परत घरात गेले आणि बसलेल्यांना काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मग दहावा. अरुणला मूल नाही, त्यामुळे सगळं आमच्या ह्यांनी केलं. नदीवर पिंड ठेवला आणि कावळा येईना. समोरच्या बाभळीवर चार बसलेले दिसत होते, पण खाली उतरत नव्हते. लोकांची कुजबुज सुरू झाली. इच्छा राहिली. कशात अडकलाय? मग एकेकाने मोठ्याने शब्द द्यायला सुरुवात केली, स्मिताला सांभाळू, घर नीट ठेवू. कावळे जागचे हलले नाहीत. तेव्हा आमचे चुलत सासरे, बाळाकाका, पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "अरुण, गारीन जीव अरकला ना तुजा? गारी भंगारान देताव रं बाबा. तू सूट." मला कळेना, गाडी भंगारात घालायचा शब्द द्यायला यांना सांगितलं कोणी? आणि मला दुसरंही दिसत होतं. पिंडाभोवती माणसांचं असं कडं झालं होतं, दोघे तर मोबाइल धरून उभे होते, की कावळाच काय, मीही तिथे उतरले नसते. मी मोठ्याने म्हटलं, सगळे मागे सरा, पार त्या पायरीपर्यंत. सरले. कावळा आला, शिवला, उडाला. आणि सुटकेचा श्वास टाकून सगळे बाळाकाकांच्या पाया पडायला गेले.

झालं. माणसं मागे सरली म्हणून कावळा आला हे कोणी बघितलं नाही. जीपचा शब्द दिला म्हणून आला, हे सगळ्या कुळगावाने बघितलं. तेराव्यानंतर बाळाकाका भंगारवाल्याचा टेम्पो घेऊन थेट नर्सरीच्या फाटकात उभे. मी फाटक उघडलं नाही. ते म्हणाले, मेलेल्याला दिलेला शब्द मोडू नये, घराला लागतं. मी म्हटलं, शब्द तुम्ही दिलात आणि गाडी स्मिताची. तुमचा ट्रॅक्टर भंगारात द्या, त्यालाही पोचेल. ते लाल झाले. आमचे हे मध्ये पडले, काकांचं वय बघ म्हणाले. मलाही दिसत होतं की मी एकटी पुरणार नाही, कारण ह्यांच्याही मनात कावळा बसला होता. कोणाला वाईट वाटू नये म्हणून गाडी जाऊ द्यावी, असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं. अशा वेळी आपल्याकडे वस्तू जाते आणि माणसाच्या बदनामीवर शिक्कामोर्तब होतं. जीप गेली असती तर उद्यापासून कोणी विचारलंही नसतं. मारणारी होती म्हणूनच विकली ना, एवढं बोलून संपलं असतं.

स्मिता शेडच्या दारात उभी होती. ती मोठ्या माणसांत बोलत नाही, कधीच नाही. तिथूनच म्हणाली, "काका, त्यांचं अडकलं असेल तर ते माझ्यातही अडकलंय. मला कुठल्या भंगारात देताय?"

मला असली वाक्यं सुचत नाहीत आणि दुसऱ्या कोणी म्हटली तर फारशी सोसतही नाहीत. पण त्या दिवशी फाटकाला जी कडी लागली ती ह्या वाक्याने. बाळाकाका टोपी काढून हातात धरून उभे राहिले. मग टेम्पोत जाऊन बसले. भंगारवाल्याला फेरी फुकट नको होती, तो आमचे गंजलेली पिंपं आणि तुटक्या प्लास्टिकच्या कुंड्या घेऊन गेला. काका अजून आमच्याकडे पाणी पीत नाहीत. पिऊ नका. आरटीओचे हेलपाटे आता स्मिता आणि मी घालतो. तिथल्या खिडकीवरचा माणूसही विचारतो, हीच का ती गाडी? हीच, असं मी सांगते, आणि पुढचा कागद सरकवते.

जीप आता मी चालवते. टर्बोचं इंजिन चढ चढून आलं की लगेच बंद करायचं नसतं. आतलं चाक तापलेलं असतं, जोरात फिरत असतं, त्याला तेल मिळत राहायला हवं, म्हणून थोडा वेळ जागेवर नुसतं चालू ठेवायचं. अरुणने हे मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि मी म्हटलं होतं की डिझेल जाळत बसणं मला जमणार नाही. आता माती उतरवणारी यमुना रोज ओरडते, काकी, बंद करा ना, फुकट जळतंय. मी बंद करत नाही. तेवढ्या वेळात मी त्याला मनातल्या मनात झापून घेते. दुखत होतं तर एक फोन करायला काय झालं होतं भाऊजी, मी काय खाल्लं असतं तुम्हाला... आवाज हळूहळू खाली बसतो. मग मी किल्ली फिरवते आणि माती मोजायला उतरते.