लेहहून पोर्ट ब्लेअर

इंदूरच्या स्नेहलतागंजात माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचं विमानतिकिटांचं दुकान आहे. कोणी काहीही विचारलं की भिंतीवरच्या नकाशावर दोरा ताणून छातीठोकपणे सांगतात, "देखो भिया, लांबचा रस्ता मी कोणाला विकत नाही."

परवा मी तिथे बसलो असताना शेजारच्या काकू आल्या. त्यांचा एक मुलगा लेहला, दुसरा पोर्ट ब्लेअरला. दोघांत कित्येक वर्षांचा अबोला.

"एकाला दुसऱ्याकडे जायला किती वेळ लागेल हो?"

दुकानदारांनी दोरा ताणला, मग सैल सोडून मधोमध बोटानं इंदूरवर दाबून धरला.

"थेट विमान नाहीये, काकूजी. मध्ये उतरावंच लागतं. तर दोघांना इथेच उतरवू ना! दिवाळीचं बघू?"

दिल्लीवरून लवकर पोचतात, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. लांबचा रस्ता विकताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. आवाज मात्र तसाच, छातीठोक.