इदवलच्या खुणेची बावीस माणसं

रात्रभर कोसळून पाऊस दमला होता, पण घरी जायचं त्याच्या मनात नव्हतं. नुसता भुरभुरत होता, कुणी ओला फडका झटकावा तसा. क्रुगच्या किल्ल्याचं डोकं ढगात गेलेलं. खालची काळी भिंत तेवढी दिसत होती. अशा शनिवारी सकाळी सात वाजता टेगवेन प्रोबर्ट गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून, एका हातात विळा आणि दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा घेऊन वाटेला लागली होती.

विळा खाजकुयल्यांसाठी. पायवाटेवर त्या अशा माजतात की लहान पोरांच्या नेमक्या मांड्यांना लागतात. आणि डब्यात आठवडाभराच्या बेकनची गोठलेली चरबी. किल्ल्याच्या वाटेवर पाच फाटकं आहेत, आणि त्या पाचांच्या बिजागऱ्यांना टेगवेन दर शनिवारी बोटानं चरबी फासते. म्हणून अख्ख्या लॅनवेरिग गावात तिचं नाव ‘फाटकवाली टेगवेन’.

आता ही फाटकं साधी नव्हेत. मेंढरं बाहेर पडू नयेत म्हणून ती अशी बसवलेली असतात की एका वेळी एकच माणूस आत शिरतो, फाटक ढकलतो आणि पलीकडं निघतो. पुढं गेलेल्यानं फाटक धरून ठेवायचं आणि मागच्यानं पापी दिल्याशिवाय सोडायचं नाही, अशी जुनी रीत. नवराबायको लाजतात, पोरं ईईई करून ओरडतात, आणि तेवढ्यात टेगवेन माणसं मोजून घेते. एका वेळी एकच येतो, त्यामुळं मोजायला सोपं. मेंढरं अशीच मोजतात. तिचा बाप मेंढपाळ, नवरा मेंढपाळ. तिला दुसरी रीत ठाऊकच नाही.

एवढी चरबी फासूनही फाटकं कुरकुरायची ती कुरकुरायचीच. गेली चार-पाच वर्षं टेगवेनला ह्याचा उलगडा झाला नव्हता. “लोखंडच नतद्रष्ट,” असं म्हणून ती पुढं जायची.

एकोणीस वर्षं झाली, ती दर शनिवारी पोराबाळांच्या कुटुंबांना गोष्टी सांगत किल्ल्याभोवती फिरवून आणते. तीन किलोमीटरची वाट. ओकचं रान, ओढ्यावरची फळी, किल्ला, टेकडीला अर्धा वळसा, आणि शेवटी टेगवेनच्या स्वयंपाकघरात चहा आणि तव्यावर भाजलेले बेदाण्यांचे केक. नवरा एमरिस गेल्याला नऊ वर्षं झाली. शनिवारची माणसं आली नाहीत तर आठवडाभर ती बोलणार कुणाशी? कोंबड्यांशी. आणि कोंबड्या बोलणं अर्धं टाकून उठून जातात.

तर घोटाळा झाला मागल्या ऑक्टोबरात. टेगवेननं जाताना अठरा मोजली, येताना अठरा मोजली. आकडा बरोबर. माणसं चुकीची. त्यातली दोन डच प्रवासी होती. त्यांना वाटलं चहा सगळ्यांनाच असतो. त्यांनी चार-चार केक हाणले, आणि स्वान्झीचा एक बाप आणि त्याची मुलगी अडीच तास बुरुजात बसून गाणी म्हणत राहिले. बापानं तक्रार लिहिली, तीन पानी. मुलीनं खाली लिहिलं होतं, ‘मला मज्जा आली.’ ते कुणी वाचलं नाही.

किल्ला समितीनं ठरवलं, आता एकदाच बघायचं. एकही माणूस हरवलं किंवा दोन तासांच्या वर वेळ गेला, तर फेरी बंद. मग वाटेवर आकडे घातलेले खांब रोवायचे आणि ज्यानं-त्यानं आपापलं वाचत फिरायचं.

“खांबाला काय कळतंय, पोराला शू लागली ते?” टेगवेन म्हणाली. पण समितीपुढं कोण बोलणार!

बघायला आला समितीचा चिटणीस, गेथिन बेवन. गावातलाच पोर, आता पस्तिशीचा, पायात कोरे बूट, हातात प्लास्टिकमध्ये घातलेला तक्ता, आणि अंगात आईनं विणलेला जाडजूड पांढरा लोकरी स्वेटर.

“गुड मॉर्निंग, मिसेस प्रोबर्ट.”

“मिसेस कुणाला म्हणतोस रे? माझ्या ओट्यावर बसून केक खाताना नाक मी पुसायची तुझं.”

“आज मी कामावर आहे.”

“मग पुसत नाही. इकडं पाठ कर.”

तिच्या हातात एक गंजका डबा होता आणि काठीला बांधलेली चिंधी. गेथिन वळायच्या आत त्याच्या पाठीवर बशीएवढा निळा ठिपका उमटला.

“हे काय?”

“खूण. मेंढरांची.”

“माणसांवर?”

“मागल्या खेपेला खूण नव्हती, म्हणून तर डच लोक जेवून गेले. भिऊ नको, पावसानं जात नाही, साबणानं जाते.”

पोरांनी रांग लावली. एकवीस रेनकोट आणि एक स्वेटर, सगळ्यांच्या पाठीवर निळा ठिपका. कार्डिफहून आलेल्या एका आजोबांनी तर छत्रीवरही मारून घेतला. पहिल्या फाटकाशी टेगवेननं मोजलं, बावीस. गेथिननं घड्याळ बघून तक्त्यावर वेळ टाकली, दहा वाजून पाच.

आपल्या खोऱ्यात मेंढराच्या खुणेला सातबाऱ्याइतकी किंमत. एमरिसची खूण लाल, कंबरेवर. शेजारच्या इदवल ग्रिफिथ्सची निळी, पाठीवर. आता टेगवेनकडं लाल डबा होता, पण वाळून दगड झालेला. मग तिनं गोठ्याच्या फळीवरचा निळा घेतला. डबा कुणाचा, खूण कुणाची, हा विचार तिच्या मनाला शिवला नाही. निळं ते निळं.

ओकचं रान झालं, फळी झाली. फळीवर एक पोर पडलं, पण आवडीनं पडलं. किल्ल्याच्या दारात पोचले तेव्हा अकराला पाच कमी होती, आणि सगळं झकास चाललं होतं. मग ढग खाली उतरला.

इतका की गेथिनला आपला तक्ता दिसेना. पोरं भिंतींमागं पळाली, आयाबाप पोरांमागं. टेगवेननं हाका मारून मारून सगळ्यांना दारात गोळा केलं आणि मोजलं. अठरा. पुन्हा मोजलं. अठराच. जुळ्या मुली, त्यांची आई आणि छत्रीवाले आजोबा, चौघं गायब.

“हरवले?” गेथिननं पेनाचं टोपण काढलं.

“हरवले नाहीत. अजून सापडले नाहीत.”

“मिसेस प्रोबर्ट, तक्त्यात असा रकाना नाही.”

“मग आख की एक! हात मोडलेत का?”

पण तिचा आवाज बसला होता. अकरा वाजून दहा. चौघांना शोधायला निघावं तर अठरा फुटतात, अठरांना धरून बसावं तर चौघं जातात. तिच्या डोळ्यांसमोर वाटेवरचे खांब आले, एक ते बारा, ओळीनं, मुके.

त्याच वेळी खालच्या माळावर इदवल ग्रिफिथ्स कोंडवाड्याचं दार उघडं टाकून उभा होता. आज त्याला मेंढरांचे खूर बघायचे होते. सकाळी त्याच्या चष्म्यावर एक मेंढी बसली होती, आणि मेंढी काही हलकी नव्हती. मिचमिच्या डोळ्यांनी त्यानं वर बघितलं. धुक्याच्या फटीत, किल्ल्यापाशी, जिथं त्याच्या मेंढरांनी जायचंच नाही तिथं, निळे ठिपके हलत होते.

“आयला! भिंत फोडली की काय ह्यांनी?” आणि दोन बोटं तोंडात घालून त्यानं शीळ घातली. “फ्लॉस! जा, वळव त्यांना!”

फ्लॉस त्याची कुत्री, सात वर्षांची, कामाला वाघीण. ती वर पोचली तेव्हा क्षणभर थबकली म्हणतात. मेंढरं दोन पायांवर उभी होती आणि एक सँडविच खात होतं. पण हुकूम तो हुकूम. तिनं लांबून वळसा घातला, पोट जमिनीला लावलं आणि नजर रोखली.

मेंढरांसारखं वागायला माणसाला शिकवावं लागत नाही. आधी पोरं एकमेकांना चिकटली, मग आया, मग बाप “बघा, किती गोड आहे” म्हणत मागं सरले. गेथिननं तक्ता पुढं धरून सांगितलं, “हट! आम्ही समितीचं काम करतोय!” फ्लॉसनं त्याच्या बुटाकडं बघितलं. तो चालू लागला. टेगवेनच्या पाठीवर ठिपका नव्हता, तरी तिलाही सवलत मिळाली नाही.

“अगं ए भवाने, मी टेगवेन! ओळखत नाहीस?”

फ्लॉस ओळखत होती. म्हणूनच तिला जरा जोरात हाकत होती.

सगळे उतरणीला लागले तशी फ्लॉस नाहीशी झाली आणि पाच मिनिटांत मागल्या भिंतीआडून चौघांना घेऊन आली. जुळ्यांची तोंडं ब्लॅकबेरीनं जांभळी झाली होती. आजोबा छत्री उगारून म्हणत होते, “मी निवृत्त न्यायाधीश आहे!” पण पाय खालीच चालले होते.

कोंडवाड्याच्या अरुंद दारातून एकेक आत शिरू लागला. इदवल काठीनं खांबाला ठोके देत निळे ठिपके मोजत होता. “...वीस, एकवीस, बावीस.” दार लागलं. पुढ्यात पांढरं, लोकरीचं, निळ्या खुणेचं काहीतरी वाकून बुटाचा चिखल काढत होतं. इदवलनं त्याला मागून काखेत धरलं, एका झटक्यात ढुंगणावर बसवलं, गुडघ्यांत दाबलं आणि पाय वर उचलला.

“खूर लई वाढलेत.” त्यानं चाकू उघडला. मग नाक वाकडं केलं. “आणि हिला साबणाचा वास कसला?”

“इदवलकाका,” गुडघ्यांमधून आवाज आला, “मी गेथिन.”

“कुठला गेथिन?”

“ब्रॉनवेनचा.”

“ब्रॉनवेनचा पोरगा समितीत आहे. तो असा चिखलात कशाला बसंल?”

पोरं हसून हसून लोळायची बाकी राहिली. टेगवेन पुढं झाली. “सोड त्याला, मेल्या! माणसं आहेत ती. माझी.”

“तुझी? पाठीवर खूण माझी आहे! माझी खूण ज्याच्यावर, तो माझा. विचार कुणालाही.” आणि समोरच्या छत्रीवाल्याकडं वळून, “काय हो?”

“प्रथमदर्शनी,” आजोबा म्हणाले, “यांचा दावा बळकट आहे.”

“तुझ्याच डब्यातला रंग तो,” टेगवेन म्हणाली. “एमरिसनं मागून आणलेला, अकरा वर्षांमागं.”

इदवलच्या हातून गेथिनचा पाय सुटला. “डबा सापडला?” त्याचा चेहरा उजळला. “अगं, अकरा वर्षं शोधतोय मी! बायकोवर आळ घेतला होता!”

एका जुळीनं विचारलं, “मग आता आम्ही इथंच राहायचं का? गवत मिळेल?”

गेथिन उठला. स्वेटरचा मागला अर्धा आता पांढरा राहिला नव्हता. कोंडवाड्यापासून टेगवेनचं दार हाकेच्या अंतरावर होतं. तिथं पोचून त्यानं घड्याळ बघितलं. अकरा वाजून सत्तेचाळीस. टेगवेन किटली धरून उभी, पण गॅस पेटवायचं भान नव्हतं तिला.

“एक तास बेचाळीस मिनिटं,” गेथिननं लिहिता लिहिता वाचलं. “निघालेले बावीस, परतलेले बावीस. माणसं तीच. रडलेली मुलं, शून्य.”

“आणि मोठी?” कुणीतरी विचारलं. गेथिननं ऐकलं नाही असं दाखवलं.

“म्हणजे?” टेगवेन म्हणाली.

“म्हणजे फेरी चालू. पण एका अटीवर. कुत्री बरोबर हवी.”

टेगवेननं किटली आदळली. “एकोणीस वर्षं मी पाय झिजवले, आणि शिक्का कुत्रीच्या नावावर?”

“टेगवेनमावशी,” गेथिन हळूच म्हणाला, आणि आता त्याचा कामावरचा रुबाब उतरला होता, “गोष्टी तुम्हीच सांगा. गोळा करायचं तेवढं तिच्याकडं द्या. मला तर त्या खांबांचे आकडेसुद्धा लिहायचा कंटाळा आला होता.”

तिनं गॅस पेटवून किटली चढवली. मग म्हणाली, “बस. स्वेटर काढ, धुऊन देते. आणि केक घे. नाक पूस आधी.”

दुपारी सगळे गेले. ओला स्वेटर चुलीपाशी वाळत होता. सकाळी घाईत शेवटच्या फाटकाला चरबी लावायची राहिली होती, म्हणून टेगवेन डबा घेऊन पुन्हा वाटेला लागली. पहिल्या फाटकाशी आली तर तिथं फ्लॉस. मागचे पाय ऐटीत टेकून, डोळे मिटून, सकाळी चोपडलेली बिजागरी मनापासून चाटत होती. वरची झाली, मग खालची. फाटक कुरकुरलं.

टेगवेन बघत राहिली.

“अस्सं,” ती म्हणाली. “चार वर्षं मी लोखंडाला शिव्या घालतेय होय?”

फ्लॉसनं एक डोळा उघडला, आणि मिटला.

टेगवेननं डब्यात दोन बोटं बुडवली. दर वेळी एक बुडवायची, आज दोन. बिजागरीला नीट लिंपलं, बोटं गवताला पुसली आणि पुढच्या फाटकाकडं निघाली.