पानमळ्यातले तबक

धाकट्या बहिणीला पाहायला पुण्याहून मंडळी आली, तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो आणि ती सव्विसाव्या वर्षात होती. वडील जाऊन बरीच वर्षे झालेली, त्यामुळे तिचे लग्न ही माझीच जबाबदारी. तंजावुरातली आमची मराठी घरे मोजकी. त्यांतली जुळण्यासारखी तीन स्थळे पाहून झाली होती आणि तिन्ही फिसकटली होती. तेव्हा एका नातेवाइकाने पुण्याचे हे स्थळ सुचवले. मुलगा इंजिनीअर, पुण्याजवळच्या कारखान्यात नोकरीला. तो, त्याचे वडील आणि आई, असे तिघे पोंगल आटोपल्यावर आमच्याकडे उतरले.

पहिला दिवस वाया गेला. बहीण मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. वर्गात तिचा आवाज मैदानापर्यंत ऐकू येतो, असे तिथला शिपाई सांगायचा. पाहुण्यांसमोर येऊन ती म्हणाली, "बसा की. कापी घेतांत का, आधी पाणी देऊं?"

मुलाचे वडील खदखदून हसले. माणूस मोकळा होता, हसण्यात वाईट काही नव्हते. म्हणाले, "वा! पेशव्यांच्या दप्तरातलं पत्रच कुणी वाचून दाखवतंय असं वाटलं!"

त्यानंतर ती संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलली नाही. विचारलेल्याला मान हलवायची. मुलगाही कपाकडे बघत बसला. रात्री माझी बायको म्हणाली, "असं समोरासमोर बसवून काय होणार? कुठं तरी फिरवून आणा दोघांना."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने आम्ही पापनाशमला गेलो. मुलाच्या आईचे गुडघे दुखत होते, त्या माझ्या बायकोजवळ घरी राहिल्या. आम्ही चौघे: मी, बहीण, मुलगा आणि त्याचे वडील. स्टेशनपासून कालव्याच्या बांधाने एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पानमळ्यापर्यंत जायचे आणि त्याच वाटेने परतायचे, असा बेत होता. जायची वाट दोन मैल, फार तर सव्वादोन. चढ-उतार कुठेच नाही. आमच्या मुलखात उंच म्हणण्यासारखी जागा देवळाच्या गोपुराखेरीज नसतेच.

चालायला तो बांध फार छान. एका अंगाला कालव्याचे गढूळ, संथ पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची शेते. काही कापून झालेली, काही अजून पिवळी. मधूनच नारळांची राई आणि तिच्या आत सात-आठ घरांची वस्ती. अंगणात नुकतीच काढलेली कोलमे, म्हणजे इकडच्या रांगोळ्या, दारातल्या खाटेवर वाळत घातलेल्या मिरच्या. एका वस्तीत ताडावरून नुकतेच उतरवलेले गोड पाणी ताडाच्या पानाच्या द्रोणातून मिळाले. ती नीराच, पण इकडे तिला पदनीर म्हणतात. मुलाच्या वडिलांनी द्रोण नाकाशी नेला.

"चढत तर नाही ना?"

"दुपारपर्यंत ठेवलंत तर चढेल. मग पोलीसही चढतील," मी म्हणालो. तेव्हा आमच्याकडे कडक दारूबंदी होती.

"आमच्याकडेही तेच की! नाशकाला माझ्या मेहुण्याचा द्राक्षमळा आहे. द्राक्षं हवी तितकी खा म्हणतो, पण पुढचा विचार मनात आणू नका." ते दुसरा द्रोण पिऊन मिशा पुसत म्हणाले, "बघू या तुमच्या वेलाला काय लागतं ते."

पानमळा बाहेरून पाहिला तर काहीच कळत नाही. हादग्याच्या बारीक, उंच झाडांची दाट रांग आणि सुक्या झावळ्यांचे कुंपण, एवढेच दिसते. दार इतके ठेंगणे की वाकूनच आत जावे लागते. दाराशी पायताणे काढायची, चरातल्या पाण्याने पाय धुवायचे आणि मग आत. पानवेलीला देवघराचा मान आहे. मुलगा बूट घालून आला होता. नाड्या सोडायला त्याला वेळ लागला, पण त्याने कुरकुर केली नाही. मोजे घडी करून खिशात घातले, हे माझ्या लक्षात आहे.

आत गेल्यावर अंगावर गारवा आला. हादग्याची झाडे ओळीने लावलेली आणि प्रत्येक खोडाला लव्हाळ्याने बांधलेली वेल वरपर्यंत चढलेली. दोन वाफ्यांच्या मध्ये पाण्याचा चर. ऊन वरच अडते, खाली येतो तो हिरवट उजेड. त्या उजेडात सगळ्यांचे चेहरे जरा बरे दिसतात. मुलाचे वडीलही आवाज खाली आणून बोलू लागले.

बहीण लहानपणापासून तिथे येत असे. तिने एक कोवळे पान खुडले, शेंडा आणि देठ काढून टाकला आणि मुलाच्या हातावर ठेवले.

"नुसतंच खाऊन बघा. चुना नको, काही नको."

तो चावू लागला. "तिखट आहे."

"थोडं थांबा. मागून गोड लागतंय."

तो खरेच थांबला. मग त्याने मान डोलावली. आदल्या दिवसापासूनचे त्यांचे हे पहिले संभाषण.

तेवढ्यात मळ्याच्या मालकाने मला बाजूला घेऊन तमिळमध्ये विचारले, "पाहुणे कोण?" मी सांगितले, "मुलाकडची मंडळी." पाहायला आलेली, एवढे दोन शब्द त्यात घालायचे राहून गेले. त्याचा चेहरा उजळला. तो वाफ्यांमधून पलीकडच्या आपल्या घराकडे लगबगीने गेला.

परत आला तो बायकोला घेऊन. तिच्या हातात पितळी तबक. त्यात ताज्या पानांची जुडी, सुपाऱ्या, हळकुंडे, केळी आणि एक नारळ. त्याने ते तबक माझ्या हातांत दिले आणि म्हणाला, "शुभकार्य आमच्या वेलीखाली होतंय, आमचं भाग्य. तुमच्या हातानं द्या."

आमच्याकडे मुलीकडच्याने मुलाकडच्याला तांबूल दिले आणि त्याने ते घेतले, की लग्न ठरले. मग कोणी मागे फिरत नाही. पुण्याच्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार? त्यांच्याकडे साखरपुडा होतो, आणि पानसुपारी म्हणजे निघताना करायचा साधा पाहुणचार. मुलाच्या वडिलांनी उपरणे सावरले, हसून दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, "अरे वा, कशाला एवढं!"

माझी पंचाईत झाली. हातात आलेले तबक परत करणे अशुभ, मालकाचा अपमान वेगळाच. आणि पुढे केले तर न कळता त्या गृहस्थाला बांधून घेतल्यासारखे. मालकाची बायको तर कुलवैसाठी, म्हणजे शुभप्रसंगी जीभ हलवून बायका आवाज काढतात त्यासाठी, पदर तोंडाशी नेऊन तयारच उभी होती.

"अहो, थांबा की! तें घेऊं नका."

बहिणीचा आवाज. वर्गातला. पलीकडच्या वाफ्यात पाने खुडणारे गडीही वळून पाहू लागले.

मुलाच्या वडिलांचे हात तसेच राहिले. "का गं? काय झालं?"

"तें घेतलंत म्हणजे ठरलं म्हणून होतंय आमच्याकडे. तुम्हांस ठाऊक नाहीं, म्हणून सांगत्यें. अण्णा सांगणार नाहींत, त्यांस संकोच." ती माझ्याकडे वळली. "आणि मजला तरी कोणी विचारलंय? काल दिवसभर बसवून ठेवलं, मी काय सोफ्याची उशी?"

आता हसू नये, हे त्या गृहस्थांना कळले. हात खाली घेऊन ते गंभीरपणे म्हणाले, "चुकलंच. मग आता विचारतो. काय म्हणतेस?"

"आतां नाहीं. यांच्याशीं बोलून सांगत्यें." तिने मुलाकडे बोट दाखवले. तो अनवाणी, कान लाल झालेला, उभा होता.

मालकाला मी तमिळमध्ये सगळे समजावले. तो खजील झाला, पण त्याच्या बायकोने तोड काढली. तबक माझ्या हातून घेऊन तिने वेलीच्या बुंध्याशी ठेवले आणि म्हणाली, "वेलीचं वेलीला. माणसांनी सावकाश ठरवावं." तिथून निघताना आम्हाला तिने फक्त केळी दिली.

परतताना ती दोघे पुढे चालत होती आणि आम्ही दोघे मागे. मुलाचे वडील मला द्राक्षांच्या छाटणीविषयी सांगत होते. वर्षातून दोनदा छाटतात, एकदा वाढीसाठी आणि एकदा फळासाठी. एरवी मी असले सगळे नीट विचारून घेतले असते. त्या दिवशी माझे डोळे पुढच्या दोन पाठींवर होते. एकदा ती मोठ्याने हसली. कालव्याच्या एका मोरीजवळ दोघे थांबली, तो हातवारे करून काही सांगत होता आणि तिने नकारार्थी मान हलवली. पुन्हा दोघे चालू लागली.

स्टेशनात गाडीला अवकाश होता. बहीण माझ्याजवळ बाकावर येऊन बसली.

"अण्णा, त्यांसही कोणी विचारलं नव्हतं. वडिलांनीं तिकिटंच काढून आणलीं म्हणे."

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, मी तिकडे येऊन शाळेंत शिकवणार. तुमचे वडील हंसले तर हंसोत. ते म्हणाले, वर्गांत पोरंही हंसतील. मी म्हटलं, गणितांत नापास होतील तेव्हां थांबतील."

"मान कशाला हलवलीस?"

"ते म्हणाले, पुढच्या महिन्यांत उरकूं. मी नाहीं म्हटलं. माझ्या पोरींची परीक्षा आहे. वैशाखांत करूं म्हणून सांगा." तिने केळी मांडीवर घेतली. "होय म्हणून सांगा."

मी उठून मुलाच्या वडिलांना सांगितले. त्यांनी मला प्लॅटफॉर्मवरच मिठी मारली.

गाडीत मी तिच्या समोर बसलो. जे व्हावे म्हणून इतकी वर्षे धडपडलो, ते झाले होते. हिशेब मांडायची मला सवयच आहे, म्हणून मनात मांडू लागलो. मद्रासला गाडी बदलायची, दोन रात्रींचा प्रवास, तिची शाळेची रजा, मुले झाली की त्यांची शाळा. वर्षातून एकदा येणे होईल. पुढे पुढे दोन वर्षांतून एकदा. माझी मुले मराठी समजतात आणि उत्तर तमिळमध्ये देतात. बायको तिरुवैयारूची, तिच्या माहेरीही घरात तमिळच चालते. पाढे, भांडणे, म्हशीच्या दुधाचा भाव, सगळे मी मराठीत बोलत असे ते या बहिणीशीच. हा हिशेब मी तोवर केलाच नव्हता.

"काय पुटपुटतां, अण्णा?" तिने विचारले.

"काही नाही. वैशाखाला किती दिवस उरले ते बघत होतो."

"पुष्कळ आहेत," ती म्हणाली आणि केळे सोलून अर्धे मला दिले.