ताईचा अनंत आणि भावोजींचे गुरू

माझ्या भावोजींइतका आज्ञाधारक विद्यार्थी साऱ्या रत्नागिरीत शोधून सापडायचा नाही. अडचण एवढीच, की ते एकाच वेळी सगळ्यांचे विद्यार्थी असतात. उमेदीची सगळी वर्षं बोटीवर काढून निवृत्त झाले, मिरजोळ्याला घर बांधलं आणि बागकाम शिकायला लागले. शिबिर कुठेही असो, पहिल्या रांगेत भावोजी. लग्नाला गेले तर नवरा-नवरी राहतात बाजूला, हे मंडपातल्या फुलवाल्याला गाठतात. जो कोणी जाणकार भेटेल त्याला घरी आणायचं, ताईच्या हातचं सुरमईचं कालवण वाढायचं आणि तो हात धुवायला उठायच्या आत प्रश्न विचारायचा. इतकं जेवल्यावर सल्ला द्यायला कोण नाही म्हणेल?

एकाने सांगितलं, अंगणात हिरवळ हवी. अंगण म्हणजे उतरता, उघडा कातळ. भावोजींनी त्यावर बोटभर माती पसरून लॉनच्या गाद्या अंथरल्या. श्रावणात एका सकाळी बघतात तर हिरवळ घसरत जाऊन शेजाऱ्यांच्या दगडी गडग्याला टेकलेली. भावोजी शांतपणे गेले आणि वाळत घातलेली सतरंजी आणावी तशी ती गुंडाळून घेऊन आले. दुसऱ्याने गुलाबाला मासळीचं खत सुचवलं. ते आधी कुजवायचं असतं हे शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सांगणार होते, पण भावोजींना कुठला दम निघतोय! त्यांनी बांगड्याची डोकी तशीच पुरली. वाडीतल्या झाडून सगळ्या मांजरांनी येऊन गुलाब उपटून टाकले. "खत चांगलं होतं म्हणून तर आली," असं भावोजी म्हणाले.

इथवर ताईसुद्धा हसत होती. मग अनंताची पाळी आली. देवरूखला आमच्या माहेरी आईने लावलेला अनंत होता. आई गेली, घर विकलं आणि नव्या मालकाने झाड तोडलं. त्याआधी ताईने त्याची एक फांदी आणून कुंडीत जगवली होती. आईच्या हातचं, जिवंत असं आम्हा बहिणींकडे तेवढंच उरलं होतं.

आणि त्या कुंडीवर भावोजींचे सगळे गुरू तुटून पडले. एकाने सकाळचं ऊन सांगितलं, दुसऱ्याने माडाची सावली, तिसऱ्याने न्हाणीघरामागचा आडोसा. भावोजींनी जन्मात पाहिली नसतील एवढी बंदरं त्या कुंडीने अंगणातल्या अंगणात पाहिली. कळ्या धरायच्या, कुंडी हलायची, कळ्या गळायच्या. शेवटी पानंही पिवळी पडली, तेव्हा ताईचा धीर सुटला.

"अहो, माझी आई त्याला तांदळाच्या धुवणाशिवाय काय घालीत नव्हती," ती म्हणाली. "आता कोणाला काय विचारू नका. मेलं तर मी परत कुठून आणू?"

कुंडी त्या दिवशी मागच्या दारी होती, तिथेच राहिली. जाणकार येत राहिले, जेवत राहिले, पण भावोजी त्यांना पुढच्या अंगणातूनच वाटेला लावायचे. सकाळी ते कुंडीसमोर स्टुलावर बसत, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी हसले तर म्हणाले, "हसू नको गो. हे सगळ्यात कठीण शिक्षण आहे."

परवा मी गेले तेव्हा एक नवे पाहुणे जेवून उठले आणि हात धुवायला नेमके मागच्या दारी गेले. "ही कुंडी पुढे उन्हात घ्या," त्यांनी लगेच सांगितलं.

भावोजी कुंडीच्या आड उभे राहिले. "ती आता हलत नाय," ते म्हणाले. "मुळं खालून कातळाच्या फटीत गेलीत. वाकून बघा हवं तर."

त्यांच्या मागे पहिलं फूल उमललं होतं. ताईने ते खुडून बशीतून माझ्यासमोर आणलं. वास आला आणि मला धुवणाचं भांडं घेऊन परसात निघालेली आई दिसली.

निघताना भावोजी फाटकापर्यंत आले. "काय गो, फूल काढल्यावर फांदी छाटायची असते काय?" त्यांनी हळूच विचारलं आणि लगेच म्हणाले, "नको, सांगू नको."

आई गेल्यापासून मी देवरूखला गेलेले नाही. रिक्षात बसता बसता मी ताईला ओरडून सांगितलं, "गणपती झाले की परत माहेरी येते हां!"