एकाच गाण्याची कॅसेट

"फडतरे, हे खोकं उचला आणि पुण्याला परत न्या. एक कॅसेट हलली नाही," बारामतीचे नानाशेठ म्हणाले आणि त्यांनी 'निळा किनारा'चं सीलबंद खोकं काउंटरवरून माझ्याकडं सरकवलं.

नेमका त्याच वेळी दुकानासमोर उसाचा एक ट्रॅक्टर येऊन थांबला. त्याच्या टेपवर गाणं लागलं होतं, तेही कानठळ्या बसतील इतक्या आवाजात. आणि ते गाणं 'निळा किनारा'मधलंच होतं.

मी खोक्याकडं बघितलं. ट्रॅक्टरकडं बघितलं.

"शेठ, हे गाणं याच कॅसेटमधलं आहे."

"असेल. माझ्याकडून नेलेलं नाही," शेठ म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळले.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी पुण्यातल्या एका छोट्या कॅसेट कंपनीत सेल्सला होतो. बारामती आणि इंदापूर हा माझा एरिया. दुकानात माल लावायचा, नव्या रिलीजची पोस्टरं चिकटवायची आणि न खपलेला माल गुपचूप परत न्यायचा. या परत येणाऱ्या मालाला आम्ही 'रिटर्न' म्हणायचो. सेल्सवाल्याचं जेवण जात नाही ते दोनच कारणांनी, एक कावीळ आणि दुसरं रिटर्न.

या रिटर्नचं मला जास्तच लागलं, कारण कॅसेट शलाकाची होती. मराठीत पॉप हा प्रकार तेव्हा नवा नवा होता. शलाका आमच्या कंपनीची पहिली पॉप गायिका. गळा खरोखर गोड. शाळेतली संगीतशिक्षिकेची पक्की नोकरी सोडून ती या नादाला लागली होती. पहिली कॅसेट पडली. 'निळा किनारा' ही दुसरी. आमचे सेल्स मॅनेजर सबनीससाहेब यांनी तिला तोंडावर सांगितलं होतं, "ही टॉप टेनमध्ये आली नाही, तर तिसऱ्या कॅसेटची स्टुडिओची तारीख कॅन्सल."

टॉप टेन म्हणजे काय, तेही सांगतो. पुण्यातलं एक सायंदैनिक दर सोमवारी खपाची यादी छापायचं. त्यांचा माणूस शहरातल्या मोजक्या मोठ्या दुकानांना फोन करायचा, "या आठवड्यात काय चाललंय?" असं विचारायचा आणि यादी तयार. सबनीससाहेब मात्र ती पोथीसारखी वाचायचे.

मी शेठचं खोकं तिथंच ठेवलं आणि ट्रॅक्टरवाल्याला गाठलं.

"पाव्हणं, ही कॅसेट कुठून घेतली?"

माझ्या काखेतली बॅग आणि खिशातलं पेन बघून तो सावध झाला. "का वो? पोलिसात हाय का तुमी?"

"छे हो. गाणं आवडलं."

"मंग थांबा की. आत्ता परत लागंल."

गाणं संपलं आणि खरोखरच तेच परत लागलं. ते संपलं. पुन्हा तेच.

"दुसरं गाणं नाही का हिच्यात?"

"कशाला? मुद्दाम भरून आनलीया इंदापूरच्या तात्याकडनं. दोनी साइडला हेच हाय."

"नाव काय गाण्याचं?"

"हॅलोचं गाणं."

"आणि गाणारी?"

"हॅलोवाली," असं म्हणून त्यानं गिअर टाकला.

'भरून आणणं' हे ज्यांनी ते दिवस बघितले नाहीत त्यांना सांगायला हवं. गावोगावी रेकॉर्डिंग सेंटरं होती. कोरी कॅसेट घेऊन जायची, हवी ती गाणी सांगायची आणि संध्याकाळी भरलेली कॅसेट न्यायची. कायद्यानं ती चोरीच. पण तिला चोरी म्हणणारा माणूस मला तरी त्या भागात भेटला नाही.

आता त्या गाण्याबद्दल. एक मुलगी आपल्या माणसाला फोन लावते आणि लाइन नीट लागतच नाही. "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही, जरा मोठ्यानं बोल ना!" एवढाच जीव. बाकीची गाणी समुद्र, धुकं, एकटेपण अशी. बी साइडला शेवटी थोडी टेप उरत होती, म्हणून गंमत म्हणून ते उरकलेलं. संगीतकार तर टेक झाल्या झाल्या जेवायला निघून गेले होते.

मी इंदापूरची एसटी धरली.

स्टँडजवळ तात्यांचं दुकान आणि त्याला चिकटूनच एसटीडी बूथ. तात्या मूळचे बावड्याचे, पन्नाशीचे, चष्मा कायम कपाळावर. समोर दोन डेक एकमेकांना वायरींनी जोडलेले. मी कंपनीचं नाव सांगितलं, तर घाबरायच्या ऐवजी त्यांनी स्टूल पुढं सारलं.

"बसा. तुमच्याच कंपनीची हाय व्हय ही हॅलोवाली? लई चालतीया."

"तात्या, हे बेकायदेशीर आहे."

"व्हय? मंग सगळं इंदापूर आत टाका. आन् तुमची एक ओरिजिनल घेतलीया की मी पुन्यावरनं. पावती हाय."

त्या एका ओरिजिनलवरून त्यांनी निम्मा तालुका भरला होता.

"पण एकच गाणं पुन्हा पुन्हा का भरता?"

"डायव्हरनं स्टेरिंग धरायचं का टेप मागं घेत बसायचं? आन् बायकांचे हात पिठात. एकदा लावली की चालू ऱ्हायली पायजे. बाकीच्या गान्यांत ती पोरगी नुसती उसासं टाकतीया. हितं कुनाला येळ हाय?"

मी चहा घेतला. माणूस चोर होता आणि मला आवडला होता. काय करणार?

शेजारच्या बूथमधून मी सबनीससाहेबांना फोन लावला. लाइन नेहमीसारखीच.

"साहेब, गाणं हिट आहे! हॅलो? साहेब? हॅलो, हॅलो, आवाज येत नाही!"

बाहेर रांगेत उभ्या असलेल्या लोकांनी एका सुरात पुढची ओळ ओढली, "जरा मोठ्यानं बोल ना!" आणि सगळे खो खो हसत सुटले.

तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. पुण्यात तोवर फोन धड चालायला लागले होते. तिथं हे गाणं म्हणजे नुसता पोरकटपणा. इथं मात्र जो तो या काचेच्या खोपटात उभा राहून बोंबललेला होता. पुण्याला गेलेला लेक, सासरी दिलेली मुलगी, मार्केट यार्डातला आडत्या, सगळे त्या वायरीच्या पलीकडं. शलाकानं न कळत त्यांचीच गोष्ट गायली होती.

एवढ्यात लाइन लागली. सगळं ऐकून साहेब एकच वाक्य बोलले, "पोलीस कम्प्लेंट करा आणि रेड टाका."

"उद्या ऑफिसला येतो," असं म्हणून मी फोन ठेवला. रेड टाकली असती तर तात्यांचे डेक जप्त झाले असते आणि त्यांच्याबरोबर शलाकाचं एकमेव चाललेलं गाणंही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझी साहेबांशी चांगलीच जुंपली.

"साहेब, तात्या जे करतायत ते आपणच करू. एकच गाणं, दोन्ही बाजूंना. छापील कार्ड, चांगली टेप. त्यांची कॉपीवरून काढलेली कॉपी चार हातांतून गेली की नुसती खरखर ऐकू येते. आपली खणखणीत वाजेल. आणि तात्यांनाच डीलर करू."

"एकच गाणं असलेली कॅसेट? गिऱ्हाईक मला चोर म्हणेल, फडतरे!"

"तिकडं दुसरं गाणं निघालं तर चोर म्हणतंय, साहेब."

साहेब पेपरवेट फिरवत म्हणाले, "गायिकेला विचारा. तिची संमती लागेल."

मला वाटलं, शलाका उडी मारेल. ती रडली.

"काका, त्या सात गाण्यांसाठी मी किती रियाज केला, तुम्हाला माहीत आहे. ती गाणी परत येतायत आणि त्या टवाळीवर माझं नाव छापायचं? शाळा सोडली ती यासाठी?"

मला वाईट वाटलं आणि रागही आला. ज्या पोरीची तारीख कॅन्सल होणार, तीच नखरे करतेय असं वाटलं. पण तिचं रडणं खोटं नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "एकदा इंदापूरला चल. मग नाही म्हण. मी पुन्हा विषय काढणार नाही."

ती आली. साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला झोळी. तात्यांच्या दुकानात तिला कुणीही ओळखलं नाही. ओळखणार कसं? भरलेल्या कॅसेटला इनले कार्ड नसतं. इनले कार्ड म्हणजे डबीतला तो छापील कागद, ज्यावर गाणाऱ्याचा फोटो असतो. आवाज घरोघरी पोचला होता, चेहरा पुण्यातच राहिला होता.

मीही मुद्दाम गप्प बसलो. तिनंच विचारलं, "हे गाणं कुणाचं आहे?"

"कुनाचं म्हंजी? सगळ्यांचंच हाय," तात्या डेकवरची नजर न काढता म्हणाले.

ती अर्धा तास कोपऱ्यात उभं राहून लोक काय मागतात ते बघत राहिली. मग मला म्हणाली, "काका, मी साहेबांना नाही म्हणून सांगते. हे लोक चांगले आहेत, पण माझ्याच्यानं नाही होणार."

मी मान हलवली. शब्द दिला होता. ती बूथमध्ये शिरली. बूथचं दार बंद होत नसे, त्यामुळं आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं.

"हॅलो? हॅलो... हॅलो! आवाज येत नाही..."

रांग एकदम चिडीचूप झाली. तात्यांनी डेक बंद केला आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. बाजारातून वांगी विकून परत निघालेली बावड्याची एक मावशी रांगेत होती. तिनं रिकामी पाटी खाली ठेवली.

"अगं बया! हीच ती!"

शलाका रिसीव्हर कानाला धरून तशीच वळली. मावशी सरळ दारात जाऊन उभी राहिली.

"तूच व्हय गं ती? माझा ल्योक पुन्याला कंपनीत हाय. दर बाजारी फोन लावते. निम्मा येळ हॅलो हॅलोतच जातोय बघ. पयलं घरी जाऊन रडायची. आता तुझं गानं लावते आन् हसते."

तिनं शलाकाच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. शलाकाचा चेहरा मला अजून आठवतो. दोन कॅसेटींनंतर पहिल्यांदाच तिला कुणीतरी गाणं पोचल्याची पोच दिली होती.

रिसीव्हरमधून साहेबांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, "कोण बोलतंय? कोण आहे?"

"शलाका बोलतेय, साहेब," ती खणखणीत म्हणाली. "कॅसेट काढा. आणि माझं नाव मोठ्या अक्षरांत छापा."

रांगेनं टाळ्या वाजवल्या. तात्यांनी तिला फोनचे पैसे देऊ दिले नाहीत. बूथ त्यांचा नव्हता, पण ते वेगळं.

कॅसेट निघाली. तात्या डीलर झाले आणि लोणी भापकरपासून नरसिंहपूरपर्यंत माल उडाला. इतका उडाला की आमचा कॉपी काढणारा कारखाना मागं पडला आणि ऐन लग्नसराईत मालाचा खडखडाट झाला. तात्यांना दम निघेना. ते आणि बारामतीचे नानाशेठ, हो, तेच खोकं सरकवणारे, एक टेम्पो करून पुण्याला गेले आणि तिथल्या मोठ्या दुकानांतून 'हॅलो'च्या पडून राहिलेल्या होत्या नव्हत्या तेवढ्या कॅसेटी उचलून आणल्या.

शनिवारी सायंदैनिकाच्या माणसानं नेहमीप्रमाणं त्याच दुकानांना फोन केले. सगळ्यांनी एकच सांगितलं, "हॅलो. एक पीस शिल्लक नाही." सोमवारी शलाका पहिल्या नंबरवर. पुण्यात ते गाणं कुणी धड ऐकलेलंसुद्धा नव्हतं. पण यादीत पहिलं आहे म्हटल्यावर पुणेकर दुकानात चौकशीला यायला लागले, तोवर नवा मालही आला आणि पुढच्या सोमवारी ते खरोखरच पुणेकरांच्या जिवावर पहिलं आलं.

सबनीससाहेबांनी कात्रण फ्रेम करून केबिनमध्ये लावलं. "मी पहिल्यापासून म्हणत होतो," असं ते येईल त्याला सांगत. मी काही बोललो नाही, नोकरी करत होतो.

स्टुडिओची तारीख कॅन्सल झाली नाही. तिसऱ्या कॅसेटीत शलाकानं सगळी गाणी स्वतः निवडली. समुद्र होता, धुकंही होतं. साहेबांनी एका शब्दानं विचारलं नाही. पहिली कॉपी तिनं इंदापूरला पाठवली. तात्यांनी ती दोन्ही बाजूंनी पूर्ण ऐकली आणि तिला फोन केला.

"बाई, गानी चांगली हायती. समद्यात चौथं भारी हाय. ते तेवढं येगळं काढा, न्हायतर मला भरावं लागंल."

मी पुढं बरीच वर्षं या धंद्यात होतो. त्यातून एकच शहाणपण शिकलो. यादीत पहिला कोण आहे, हे कुणी सांगायला लागलं की मी आधी विचारतो, फोन कुणाकुणाला केला होता?