जिन्यातला निळा ड्रम

तुमच्या घरचा कचरा दारातून उचलला की कुठे जातो, सांगा बरं? "गाडी नेते" हे उत्तर चालणार नाही. गाडी कुठे नेते? नाही ना माहीत? लाजू नका. बस चालवणाऱ्या एका बाईलाही माहीत नव्हतं, आणि ती तर रोज तिथेच जाऊन गाडी वळवायची.

तिच्या रूटचा शेवटचा थांबा कचऱ्याच्या डोंगराखाली होता. नाकाला रुमाल लावायचा, प्रवासी उतरवायचे, स्टिअरिंग फिरवायचं आणि पळायचं, एवढाच तिचा त्या जागेशी संबंध. डेपोत तिला हॉर्नबाई म्हणत, कारण हॉर्नचं काम ती तोंडानेच करायची. कुणी दुचाकी आडवी घातली की काच खाली करून विचारायची, "रस्ता सासऱ्याने आंदण दिलाय का?" तिला उलट उत्तर देणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

तो एका दुपारी भेटला, म्हणजे भेटली. शेवटच्या थांब्यावर बस बंद पडली आणि डेपोचा मेकॅनिक येईपर्यंत हॉर्नबाई नाक दाबून उभी राहिली. तिथेच राहणाऱ्या एका बाईने घरातून स्टूल आणून दिलं.

"बसा. नाक सोडा, होते सवय. राहता कुठे?"

"पाण्याच्या मोठ्या टाकीजवळ."

"अगं बाई, टाकीकडची कचऱ्याची गाडी! ती आली की आम्ही दारं लावतो. सगळं एकत्र बांधून देता हो तुम्ही लोक. उरलंसुरलं, औषधं, लंगोट, काचा, सगळ्यांची एकच मोट."

बाई भांडत नव्हती, तेच वाईट. भांडली असती तर हॉर्नबाईने तिला तिथल्या तिथे गारद केलं असतं. शेवटी हॉर्नबाई एवढंच म्हणाली, "आमच्या घरचं यापुढे तुमच्या दारात येणार नाही."

शब्द दिला खरा, पण पाळायचा कोणी? तिचं घर म्हणजे दुसरा डेपोच. एक गाडी आत आली की दुसरी बाहेर. नवरा हॉस्पिटलच्या धुलाईघरात रात्रपाळीला. सासूबाई सकाळी पाळणाघर सांभाळायला. मुलगी दिवसा कॉलेजात आणि संध्याकाळी औषधाच्या दुकानात. चौघं एका वेळी घरात सापडायची ती फक्त रविवारी सकाळी, तीही निम्मी झोपलेली.

आईने हे घरात जाहीर केल्यावर मुलीला मात्र भारी उत्साह आला. "आई, आपण बांबूचे ब्रश घेऊ या. आणि काचेच्या बरण्या, सगळ्या एकसारख्या. छान दिसतात."

"आहे तो ब्रश झिजव आधी. वस्तू विकत घेऊन पृथ्वी वाचली असती, तर दुकानदारांनी तिला केव्हाच अमर केलं असतं."

तर विकत काहीच घ्यायचं नाही ठरलं. डेपोच्या भंगारातला निळा ड्रम आला, मेकॅनिकने त्याला भोकं पाडून दिली, सुताराकडून पोतंभर भुसा फुकट मिळाला. भाजीची सालं, उरलंसुरलं त्यात टाकून घरच्या घरी खत करायचं. घराला गच्ची नाही, गॅलरी नाही. ड्रम ठेवला जिन्याच्या वळणावर, खिडकीखाली. इमारतीच्या सेक्रेटरींनी परवानगी दिली, पण कपाळाला आठी घालून. "वास आला तर उचलायचा."

"आला तर नाव बदलेन," हॉर्नबाई म्हणाली. वर येता-जाता प्रत्येकाला थांबवून खत कसं होतं ते सांगू लागली. लोक वाट बदलू लागले, पण जिना एकच होता.

आता या घराची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं रामायण तिच्यामुळेच घडलं. इथे दुसऱ्याने काम केलं असेल यावर कुणाचा काडीचा विश्वास नाही. गॅस चौघंही बंद करतात, कुलूप चौघंही ओढून बघतात. भाजीत मीठ चौघांनी घातल्यापासून मीठ ताटातच वाढून घ्यायचं ठरलंय. आणि विचारायचं? विचारायला वेळ कुणाला आहे?

ड्रमातला माल पिळलेल्या फडक्याइतका ओला हवा, असं मुलीने कुठेसं वाचून सांगितलं होतं. खिडकीतल्या वाऱ्याने वरचा थर सुकायचा. हॉर्नबाई ड्यूटीवरून आली की बोट लावून बघायची, कोरडं लागायचं, मग एक मग पाणी ओतून कृतकृत्य व्हायची.

आणि वास आला. साधासुधा नव्हे. पाहुणे दारावरची पाटी न वाचता मजला ओळखतील असा. ड्रमाखालून काळं पाणी पायऱ्यांवर ओघळलं, त्यात बारीक अळ्या वळवळल्या. हॉर्नबाईने तपास न करताच निकाल दिला: दुसऱ्या मजल्यावरचे शिकवणीवाले मास्तर. ते ड्रमाशेजारून जाताना तोंड वाकडं करायचे, म्हणजे रात्री तेच काहीतरी ओतत असणार. तिने त्यांना भर जिन्यात गाठलं. "पोरांना शिकवता ना? मग चोरून घाण करायला कुठे शिकलात?" मास्तरांचा चष्मा घसरला.

सेक्रेटरींनी सांगून टाकलं, रविवारी सगळ्यांसमोर फैसला. "ड्रम कचऱ्याच्या गाडीत जाईल. आख्खा."

आख्खा, म्हणजे थेट त्या स्टूलवाल्या बाईच्या दारात. घरचं साल जाणार नाही म्हणून शब्द दिला, आणि पाठवायचं काय, तर सालांचा सडका रांजण.

रविवारी जिन्यात इमारत जमली, प्रत्येकाच्या नाकावर काही ना काही. सेक्रेटरींनी सहज विचारलं, "पाणी किती घालता यात?"

"रोज एक मग. ड्यूटीवरून आल्यावर, न चुकता," हॉर्नबाई ताठ मानेने म्हणाली.

नवऱ्याची जांभई अर्ध्यावर थांबली. "तू घालतेस? मग मी सकाळी येऊन काय करतो?"

"अहो, तुम्ही पण?"

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "मी दुपारी पाळणाघरातून आले की भर उन्हाची गुडघे धरत इथवर उतरते, ते कशासाठी?"

सगळे मुलीकडे बघू लागले. ती भिंतीकडे बघत होती. "मी दोन मग घालायचे. म्हटलं, तुम्ही कोणी हातसुद्धा लावत नसाल."

मास्तरांनी चष्मा वर सरकवला. "खत कसलं, पोहायचा तलाव केलाय. बुडून मेलंय ते."

इमारत खो-खो हसली. हॉर्नबाईचे कान तापले. तिने ओठ चावला, मग मास्तरांपुढे जाऊन उभी राहिली. "चुकलं माझं. तुमच्यावर आळ घेतला. पण तुमचं तोंडच तसं आहे, त्याला मी काय करू?"

"माफी आहे की दुसरा आळ?" मास्तर म्हणाले.

"माफीच आहे. मला एवढीच येते."

मग ती सेक्रेटरींकडे वळली. "ड्रम गाडीत द्यायचा नाही. मी उपसते." ओढणी कमरेला खोचून तिने नवऱ्याच्या मदतीने तो खाली नेला, ताडपत्रीवर उलथा केला आणि दोन्ही हातांनी उपसू लागली. वास असा की मांजरं पळाली. मुलगी भुसा मिसळत होती आणि अधूनमधून बाजूला जाऊन ओकाऱ्या काढत होती. वरच्या खिडक्या लागल्या. एक मात्र उघडी राहिली. थोड्या वेळाने मास्तर खाली आले आणि रद्दी फाडून चिखलात टाकू लागले. कागद पाणी शोषतो म्हणे.

सेक्रेटरीही खाली आले. "जिन्यात नको. मागच्या भिंतीशी ठेवा. पण जबाबदार माणूस एकच."

"आई बघतील," हॉर्नबाई सासूबाईंकडे बोट दाखवून म्हणाली. गाडी चालवणाऱ्या बाईला मागच्या सीटवर बसायचं म्हणजे किती जड जातं, ते तिच्या जातीच्यांनाच कळेल. आता ड्रमाशेजारून जाताना ती हात पाठीशी बांधते आणि सासूबाई वरून ओरडतात, "बोट लावलंस तर बघ."

वास गेला. काही घरं आपली सालं आणून सासूबाईंच्या हवाली करू लागली. हॉर्नबाईने शेवटच्या थांब्यावर बस थांबवून त्या बाईला हे सांगितलं, तेव्हा ती डोंगराकडे बघून म्हणाली, "तुमचं घर सुटलं, बरं झालं. बाकीची गाडी अजून भरूनच येते. त्यांना सांगाल का?"

तर तुम्हाला सांगतोय. आज ओलं आणि सुकं एका पिशवीत बांधू नका.