गप बसलेली मशीन

"तुये मारोतभाऊ गेले वं सुनी... खुर्चीतच. आताच," त्यांच्या बायकोचा, बेबीबाईंचा फोन. पुण्याच्या कारखान्यात दुपारचा डबा उघडत होते मी. रडू यायच्या आधी तोंडातून निघालं, "बाई, मशीन बंद केली का?"

"कोनती? थे तं गपच आहे."

तो 'गप' ऐकून मी डबा तसाच बाजूला सारला.

आठवीत शाळा सुटली आणि ब्रह्मपुरीत भाऊंच्या दुकानात मी सोल्डरिंग शिकले. आज इथे, इतक्या लांब, दोन घास मिळतात ते त्यामुळेच. झाडीपट्टीतल्या नाटकांसाठी ते काचेच्या व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर, त्यांच्या भाषेत मशीन, बांधत. तबल्याची थाप संपली तरी स्पीकरचा कागद थरथरत राहतो. त्याला ते 'शेपूट' म्हणायचे. ती तोडायला बाहेर जाणाऱ्या आवाजातला थोडा उलटा करून परत आत सोडायचा, तो फिडबॅक. कागदाला लगाम बसतो. पण लगाम फार आवळला, तर मशीन आतल्या आत किंचाळते, इतक्या बारीक सुरात की माणसाच्या कानाला कळत नाही. बाहेर शांत, आणि आत व्हॉल्व्हची प्लेट तापून लाल. "गप आहे म्हनून चांगली आहे असं समजू नोको," हे त्यांचंच शिकवणं.

आणि आदल्या आठवड्यात तेच फोनवर हरखून सांगत होते, "फिडबॅक अजून वाढवला. थाप कशी कोरडी येऊन राह्यली, ऐक!"

"भाऊ, प्लेट पाह्यली का?"

"आता तू मले शिकवशीन काय, पुन्याच्या मॅडम?" हसता हसता थांबले. दम खाल्ला.

"काऊन, काय झालं?"

"काई नाई. छातीत भरून येते थोडं." मी दवाखान्याचं काढलं, तर पुन्हा थापच ऐकवली...

"बाई, हात नका लावू. लांबूनच काचेत पाहा," मी फोनवर बेबीबाईंना सांगितलं.

"लाल आहे वं... इंगळावानी."

"आधी भिंतीवरचा खटका बंद करा."

खट्ट ऐकू आलं. मग आम्ही दोघी रडलो.

तेरवीनंतर बाईंनी मशीन माझ्या हवाली केली. फिडबॅक मी कमी केला. थापेला आता जराशी शेपूट राहते. भाऊंना खपली नसती. गाणं संपलं की खोलीतला दिवा मालवून मी काचांकडे बघत बसते. रविवारी बेबीबाईंना फोन करते. "बरी आहो," म्हणून त्या गप होतात. मी फोन ठेवत नाही.